तीन तासांत दुरडी: मेळघाटात पाहुण्यांना बांबूकाम शिकवायचं तर

चिखलदऱ्याला गर्दी होते ती पावसाळ्यात. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं उतरतं, धबधबे भरतात आणि परतवाड्याच्या बाजूने घाट चढणाऱ्या गाड्यांची रांग लागते. बांबू तोडायचा हंगाम मात्र हिवाळ्यातला. पाहुण्यांना बांबूकाम शिकवायचा बेत फसतो तो बहुतेक याच फटीत. पाहुणे दारात आले की मग बांबू शोधायला माणूस पाठवायचा, मिळेल तो ओला बांबू चिरायचा आणि कशीबशी दुरडी विणून द्यायची. त्या दिवशी दुरडी छानच दिसते. महिन्या-दोन महिन्यांत तिच्यातून पिठासारखा भुसा गळायला लागतो, कारण आत भुंगेरे शिरलेले असतात. असा पाहुणा पुन्हा येत नाही आणि दुसऱ्यालाही पाठवत नाही.

म्हणून जुलैची दुरडी डिसेंबरात सुरू करायची. खालची सगळी मापं एका ठरावीक कार्यक्रमासाठी आहेत: सहा पाहुणे, शिकवणारे दोन कारागीर, तीन तास आणि प्रत्येकाच्या हाताने विणलेली, वरच्या तोंडाशी साधारण साडेपाच इंच रुंद अशी एक दुरडी. धारणी आणि चिखलदरा तालुक्यातले बचत गट, घरी पाहुणे ठेवणारी कुटुंबं आणि कारागीर यांना डोळ्यांपुढे ठेवून ती दिली आहेत. गडचिरोली-चंद्रपूरकडेही फारसा फरक पडणार नाही.

बांबू निवडणं आणि तोडणं

सातपुड्याच्या या भागात विणकामाला मानवेल जातीचा बांबू घ्यावा. तो बुडाशी जवळजवळ भरीव असतो, वर पोकळी वाढत जाते. त्याची पेरं साधारण 30 ते 45 सेंटिमीटरची असतात आणि सालीकडचा भाग चिवट असतो. काटेरी कटांग ही दुसरी जात जाड आणि पोकळ. खांब, कुंपण, तट्टे यांना तो उत्तम, पण बारीक दुरडीला त्याच्या कामट्या, म्हणजे चिरून केलेल्या पातळ पट्ट्या, काढत बसण्यात वेळ जातो.

वय ओळखता आलं पाहिजे. यंदाच्या बांबूवर खोळ, म्हणजे पेरांवरचं कोरडं आवरण, चिकटलेली असते आणि अंगावर पांढरी भुकटी दिसते. तो तोडायचाच नाही. त्यात पाणी फार असतं, वाळला की सुरकुततो, शिवाय बेटाची पुढची वाढ त्याच्यावरच असते. दोन वर्षं पूर्ण केलेला बांबू विणायला सर्वांत चांगला: खोळ गळालेली, रंग गडद हिरवा, कोयत्याच्या पाठीने ठोकला तर आवाज खणखणीत. तीन-चार वर्षांच्या बांबूवर राखाडी डाग येतात. तो कडक असतो, त्याचा उपयोग काठाच्या कड्यांना करा. त्याच्या पातळ कामट्या वळवताना तडकतात.

तोड नोव्हेंबर ते जानेवारीतच का, हे पाहुण्यांनाही सांगण्यासारखं आहे. उन्हाळ्यात बांबू पुढच्या पावसातल्या कोंबांसाठी स्वतःत पिष्ट साठवून ठेवतो. भुंगेऱ्यांना हवं असतं ते हेच पिष्ट. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे कोवळे कोंब, वर आले, वाढले की साठा खर्ची पडतो आणि हिवाळ्यात बांबू त्या मानाने रिकामा असतो. एप्रिल-मेमध्ये तोडलेल्या बांबूला कीड हमखास लागते, मग तो कितीही सुंदर चिरलेला असो.

जमिनीपासून वीतभर उंचीवर, गाठीच्या लगेच वर तोडा. गाठीपासून वर पेर शिल्लक राहिलं तर पेला तयार होतो, त्यात पाणी साचतं आणि कूज खाली कंदात उतरते. बेटात निदान आठ-दहा जाणते बांबू उभे ठेवा. सहा जणांच्या एका कार्यक्रमाला तीन बांबू लागतात, चौथा हाताशी असू द्या.

बांबू आला कुठून याचा कागद जवळ हवा. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे शेताच्या बांधावरचा बांबू घेणं सोपं झालं. जंगलातल्या बांबूचं तसं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालात) मोडतो आणि सामूहिक हक्क मिळालेल्या गावाला ग्रामसभेमार्फत तो घेता येतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2011 मध्ये बांबू विक्रीचा हा हक्क प्रत्यक्ष वापरून दाखवला. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातून मात्र एक काडीही आणायची नाही. शेतकऱ्याकडून घेतला असेल तर साध्या कागदावर तारीख, नग, रक्कम आणि सही घेऊन ठेवा. पाहुण्यांच्या गाडीत बांबूची वस्तू दिसली आणि नाक्यावर विचारणा झाली, तर तुमची पावती त्यांच्या कामी येते.

भिजवण आणि औषध

तोडल्यावर दोन-तीन दिवसांच्या आत बांबूचे दोन-दोन मीटरचे तुकडे करा आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा, दोन ते तीन आठवडे. पाण्यात साखर विरघळून निघून जाते आणि पिष्टही कमी होतं. डबक्यात ठेवले तर पाणी सडतं आणि त्याचा वास कामटीला असा धरतो की विणताना नाकाला रुमाल लावावा लागतो. बाहेर काढल्यावर धुऊन सावलीत उभे करून वाळवा. उन्हात आडवे टाकले तर एक अंग आधी आकसतं आणि बांबू लांबीला फुटतो.

शोभेच्या वस्तूंना याच्यापुढे टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिडची भिजवण द्यावी. 20 लिटर पाण्याला 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक ॲसिड. दोन्ही आधी दोन-तीन लिटर गरम पाण्यात पूर्ण विरघळवा, मग बाकीच्या पाण्यात मिसळा. थंड पाण्यात थेट टाकलं तर तळाशी खडे राहतात आणि वरच्या कामट्यांना औषध पोचतच नाही. चिरलेल्या कामट्या यात 24 तास पूर्ण बुडलेल्या हव्यात. अख्खा बांबू बुडवून काही साधत नाही, साल औषध आत जाऊ देत नाही. हातमोजे घाला, पिंप झाकून ठेवा, विहिरीपासून आणि लेकरांपासून लांब.

भाकरी, फळं, धान्य ठेवायच्या दुरड्यांना हे औषध चालत नाही, कारण ते पाण्याबरोबर परत बाहेर येतं. त्या कामट्या फक्त ओढ्यात भिजवून, नंतर चुलीवरच्या माळ्यावर महिनाभर धुरात ठेवायच्या. धुराने रंग मधासारखा तांबूस होतो आणि कीडही लांब राहते. दोन्ही गठ्ठे एकत्र होऊ देऊ नका. औषधाच्या गठ्ठ्याला लाल दोरा बांधायची सवय लावली की चूक होत नाही.

कामट्या

सगळ्या कामातलं अवघड काम हे, आणि पाहुण्यांना ते करायला देऊ नये. दाखवावं मात्र नक्की. दहा मिनिटं त्यांनी नुसतं पाहिलं तरी टोपलीच्या किमतीबद्दल घासाघीस करायची इच्छा उरत नाही.

बांबू शेंड्याकडून चिरायला घ्या. आधी बरोबर दोन भाग, त्यांचे चार, चाराचे आठ. नेहमी अर्ध्यात अर्धा. एका बाजूने तीनास एक असा चिरला तर चीर पातळ बाजूला पळते आणि मध्येच बाहेर निघते. चीर सरकायला लागली की जाड बाजू हाताने बाहेर वाकवा; ती पुन्हा मध्यावर येते. गाठींवरचा उंचवटा सुरीने सपाट करून घ्या. मग साल आणि गाभा वेगळा करा. सालीकडचा भाग म्हणजे पाठ, आतला म्हणजे पोट. दुरडीला पाठच वापरायची. पोटाच्या कामट्या मऊ आणि तुटक्या असतात, त्या सरावाला ठेवा.

एका दुरडीला लागणारं सामान असं. उभ्या कामट्या 8, प्रत्येकी 50 सेंटिमीटर लांब, 8 मिलिमीटर रुंद, 1 मिलिमीटर जाड. आडव्या विणीच्या कामट्या 2 मीटर लांब, 3 मिलिमीटर रुंद, अर्धा मिलिमीटर जाड. लागतात सात-आठ, पण दहा द्या, कारण नवशिक्याच्या हातून दोन-तीन मोडतात. काठाची दोन कडी, 50 आणि 52 सेंटिमीटरची, 1 सेंटिमीटर रुंद आणि 2 मिलिमीटर जाड. काठ बांधायला विणीपेक्षाही पातळ अशी 2 मीटरची एक पट्टी.

उभ्या कामटीत एखादी गाठ येणारच, पेर तेवढं लांब नसतं. ती मधल्या भागात, म्हणजे दुरडीच्या सपाट तळात राहील अशी कामटी कापा. गाठ वळणावर आली की तिथेच मोडते. विणीच्या कामटीची परीक्षा सोपी आहे: दोन बोटांभोवती गुंडाळून पाहा. तडकली तर अजून पातळ हवी.

कडा सुरीने किंवा काचेच्या तुकड्याने मारून घ्या, सगळ्या. बांबूची कोरी कड ब्लेडसारखी कापते. कार्यक्रमात झालेल्या जखमा बहुतेक याच आळसातून होतात.

तयार कामट्या पूर्ण वाळवून गठ्ठे बांधून चुलीच्या वर ठेवा. पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या दमट हवेत जमिनीवर ठेवलेल्या गठ्ठ्याला आठवडाभरात काळी बुरशी येते. कार्यक्रमाच्या सकाळी उभ्या कामट्या दोन तास, विणीच्या अर्धा तास पाण्यात ठेवा. रात्रभर नको. फुगलेली कामटी विणायला मऊ लागते, पण वाळल्यावर आकसते आणि दुरडीला फटी पडतात.

विणकाम

पाहुण्यांना पाटावर किंवा चटईवर बसवा. खुर्चीत बसून मांडीवरची दुरडी फिरवता येत नाही. तीन पाहुण्यांमागे एक कारागीर, त्याहून जास्त नको. वेळेचा अंदाज: तळ 40 मिनिटं, उभ्या कामट्या वळवणं 15, भिंत सव्वा तास, काठ 40 मिनिटं. मध्ये चहा.

चार कामट्या शेजारी ठेवा, पाठ खाली. उरलेल्या चार त्यांच्यातून आडव्या घाला, एक वर एक खाली. मध्ये साधारण 4 सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि चारही बाजूंना चार-चार टोकं राहतात, म्हणजे एकूण सोळा. पाठ खाली हे पुन्हा पुन्हा सांगा. वळवताना पाठ बाहेर असेल तर कामटी ताण सोसते. पोट बाहेर आलं की कट्ट आवाज होतो आणि सगळं पहिल्यापासून.

चौकोनाभोवती पहिले दोन फेरे दोन कामट्यांनी घ्यायचे. एक उभ्या कामटीच्या वरून, दुसरी खालून, आणि पुढच्या फटीत दोघींनी जागा बदलायची. या गुंफणीने चौकोन बांधला जातो. याच वेळी टोकं पंख्यासारखी सारख्या अंतरावर पसरत न्या. इथे घाई झाली तर तळ अंडाकृती होतो आणि पुढे तो सुधारत नाही. लहान मुलं असतील किंवा वेळ कमी असेल तर इथवरचे तळ कारागिरांनी आदल्या दिवशी करून ठेवावेत. त्यात काही कमीपणा नाही.

आता एका कामटीवर विणायचं: एक वर, एक खाली. पण टोकं सोळा असली तर दुसऱ्या फेऱ्यातही कामटी त्याच टोकांच्या वरून जाते आणि वीण पडतच नाही. संख्या विषम लागते. म्हणून कोणतंही एक टोक चौकोनापर्यंत मधोमध चिरून त्याची दोन करा. झाली सतरा. पाहुण्यांना आधी सोळांवर दोन फेरे विणू द्या आणि मग कारण विचारा. ज्याने स्वतः अडकून पाहिलं तो हे जन्मभर विसरत नाही.

प्रत्येक फेऱ्यानंतर वीण बोटाने आत दाबून बसवायची. नवी कामटी जोडताना जुन्या टोकावर तीन-चार उभ्या कामट्यांइतकी चढवा आणि दोन्ही टोकं कामट्यांच्या मागे लपवा. जोड एकाखाली एक येऊ देऊ नका, तिथे फुगवटा दिसतो. तळ 12 सेंटिमीटर झाला की थांबा.

ओलं फडकं तळाच्या कडेवर दहा मिनिटं ठेवा. मग तळावर 11-12 सेंटिमीटरचा डबा ठेवून एकेक कामटी अंगठ्याने हळूहळू वर वळवा आणि सगळी टोकं वर दोऱ्याने सैल बांधा. यानंतरचे तीन फेरे घट्ट ओढून घ्यायचे, भिंतीचा आकार तेच ठरवतात. पुढे मात्र हात सारखा ठेवा. नवशिके भीतीने ओढत जातात आणि दुरडी वर निमुळती होऊन गाडग्यासारखी दिसते. बोलण्यात रमलेले सैल सोडतात आणि ती ताटासारखी पसरते. तसं दिसलं तर चार फेरे उसवून परत विणायला सांगा. कारागिराने हातात घेऊन दुरुस्त करून देऊ नये. पाहुणा पैसे देतो ते स्वतःच्या हाताने करण्याचे.

भिंत 7 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे वीस फेरे. काठाला उभ्या टोकांपैकी एकाआड एक टोक विणीबरोबर छाटा आणि उरलेली ओली करून आतल्या बाजूला मोडून विणीत खोचा. लांब कडं बाहेरून, आखूड आतून लावा. दोन्हींचे जोड समोरासमोरच्या बाजूंना हवेत, एकाच जागी आले तर काठ तिथे जाड आणि कमकुवत होतो. कपड्याच्या चिमट्यांनी धरून पातळ पट्टीने प्रत्येक फटीतून वेढे घ्या आणि शेवटचं टोक तीन वेढ्यांखालून ओढून घ्या. काठ कारागिराने धरावा आणि पाहुण्याने बांधावा. एकट्याला चार हात लागतात.

दहा वर्षांखालच्या मुलांना सुरी नाही. त्यांना पोटाच्या कामट्यांची तळहाताएवढी चटई विणू द्या, किंवा राखी. लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रामुळे मेळघाटच्या बांबू-राख्या बऱ्याच जणांना माहीत झाल्या आहेत. जवळ चिमटा, सुई, जंतुनाशक आणि पट्ट्या असाव्यात. बांबूची सळ आत राहिली तर पिकते, म्हणून ती लगेच काढायची.

पैसे

हिशेब दुरडीच्या बाजारभावावर करू नका. बाजारात टोपलीची किंमत पाडून मागितली जाते आणि त्यात शिकवण्याची मजुरी कुठेच नसते. हिशेब दिवसांवर करा. समजा गावात दिवसाची मजुरी 500 रुपये धरली. कामट्यांच्या तयारीला दोन माणसांचा एक दिवस, 1,000. शिकवायला दोन कारागीर. तीन तासांनी त्यांचा दिवस मोडतोच, म्हणून पूर्ण दिवस, 1,000. बांबू, औषध, किरकोळ 300. जेवण सहा जणांचं 120 प्रमाणे 720. अंगण आणि पाण्याचे 300. बेरीज 3,320. त्यावर गटाच्या गंगाजळीला 15 टक्के धरले की 3,818. माणशी 636 येतात, 650 सांगा. आकडे तुमच्या गावाचे घाला, मांडणी हीच ठेवा.

दोनच पाहुणे आले तरी तयारीचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. म्हणून किमान चार जणांची रक्कम आधीच ठरवून घ्या. आतल्या बऱ्याच गावांत रेंज नसते, मोबाईलवरून पैसे पाठवणं अडतं. रोख आणायला बुकिंगच्या वेळीच सांगा. मजुरी त्याच दिवशी, सगळ्यांसमोर, कारागिराच्या हातात द्या. विणणारी बाई असेल तर बाईच्याच हातात.

गाव दाखवताना

पाहुण्यांना जेवणाआधी गावातून एक चक्कर मारता येते. कोरकू आदिवासींच्या गावात समोरासमोर घरांच्या दोन रांगा आणि मध्ये रुंद रस्ता, ही रचना पाहण्यासारखी आहे. घरात शिरायचं ते बोलावलं तरच. कोरकू भाषा मुंडा कुळातली आहे, मराठी-हिंदीशी तिचं नातं नाही. बांबू, टोपली, पाणी यांचे कोरकू शब्द कारागिराकडूनच वदवून घ्या. मृतांच्या स्मरणार्थ सिडोलीच्या विधीत उभारलेले कोरीव लाकडी खांब गावाजवळ दिसतात. ते शोभेचे नाहीत. त्यांना हात लावायचा नाही, टेकून फोटो काढायचा नाही आणि त्यांच्या छोट्या प्रतिकृती करून विकायची मागणी आली तर नाही म्हणायचं.

गदली-सुसून हे नाच सणाचे आहेत. जेवणानंतर अर्धा तास नाचून दाखवा, ही फर्माईश गटाने स्वीकारू नये. होळीला आणि नंतरच्या मेघनाथाच्या दिवसांत कार्यक्रम बंद ठेवा. कामासाठी बाहेर गेलेली माणसं तेव्हा घरी परततात आणि कारागिरांचे ते स्वतःचे दिवस असतात. गावाने आपणहून बोलावलं तर पाहुण्यांनी पाहुण्यासारखं यावं, फगवा म्हणजे होळीची भेट द्यावी.

जेवण साधं: मक्याची किंवा ज्वारीची भाकर, कुटकी या बारीक भरडधान्याचा भात, वरण, हंगामी भाजी. कुटकी तीनदा धुऊन अर्धा तास भिजवली तर भात मोकळा होतो.

निघताना दुरडी ओलीच असते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली तर परतवाड्याला पोचेपर्यंत तिला घाम येतो आणि दोन दिवसांत बुरशी. वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, आत चुरगळलेल्या कागदाचा गोळा ठेवा म्हणजे गाडीत आकार दबत नाही. आठ दिवस सावलीत, हवेशीर जागी ठेवायला सांगा, उन्हात नाही. औषधाच्या कामट्यांची असेल तर लाल दोरा काठाला तसाच बांधून द्या आणि तिच्यात खायचं का ठेवायचं नाही ते नीट समजावून सांगा.